मत्स्यालयातील पाण्याचा जडपणा : निरीक्षण व व्यवस्था

(इयत्ता सहावी ते आठवी — सामान्य विज्ञान, परिसर अभ्यास व गणित ह्यांचा समन्वय साधणारा पाठ)

पाठाचे प्रयोजन

काचेच्या टाकीत मासे पाळण्याची हौस आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले, त्या काळी रंगीत मासे पाहणे हे सहलीचे नवल होते. आज धरणगाव, पाळधी किंवा सोनवद येथील मूल जळगावच्या बाजारातून प्लॅस्टिकच्या पिशवीत माशांची जोडी घेऊन घरी येते. काही शाळांच्या व्हरांड्यातही लहानशी टाकी दिसते.

मासे काही महिने सुखाने पोहतात. पुढे उन्हाळा तापू लागतो. एकेक मासा मंदावतो, पर मिटून तळाशी बसतो आणि एके सकाळी पाण्यावर तरंगताना आढळतो. मग घरात निदान सुरू होते. कोणी म्हणतो, आपल्याकडचे पाणीच माशांना मानवत नाही. कोणी म्हणतो, मुलाने टाकीत सारखा हात घातला म्हणून मासे दगावले. पहिले निदान खरे मानले तर मूल प्रयत्न सोडून देते. दुसरे खरे मानले तर न केलेल्या अपराधाचे ओझे वाहते. दोन्ही निदानांत एक उणीव समान असते. पाणी कोणी तपासलेले नसते.

पाणी तपासावे कसे, ते जड का होते, टाकीत त्याचा जडपणा कसा वाढत जातो आणि तो आवाक्यात कसा ठेवावा, एवढे ह्या पाठात पाहावयाचे आहे. मासे मरण्याची कारणे अनेक असतात. जास्त खाऊ घालणे, टाकीत दाटी होणे, नळाच्या पाण्यातील क्लोरीन व उन्हाळ्यात पाण्यातील प्राणवायू कमी होणे ही त्यांपैकी नेहमीची होत. जडपणा हे त्यांतील एकच कारण आहे. परंतु ते डोळ्यांना दिसत नाही व हळूहळू वाढते, म्हणून त्याचा स्वतंत्र अभ्यास उपयुक्त ठरतो.

१. जड पाणी म्हणजे काय?

ज्या पाण्यात साबणाचा फेस सहज होत नाही त्यास बोलीत जड पाणी व पाठ्यपुस्तकांत दुष्फेन पाणी म्हणतात. ज्यात फेस लवकर होतो ते हलके किंवा सुफेन पाणी. कॅल्शियम व मॅग्नेशियम ह्या दोन धातूंचे विरघळलेले क्षार हे जडपणाचे कारण होय. साबण ह्या क्षारांशी संयोग पावून पांढरट साका बनतो; जोवर क्षार शिल्लक आहेत तोवर फेस धरत नाही.

ही गोष्ट शिक्षकांनी प्रथम सांगू नये. मुलांच्या घरांतून ती काढून घ्यावी. कोणत्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही? अंघोळीच्या बंबात आतून पांढरा कठीण थर कशाने बसतो? माठाच्या बाहेरच्या अंगास पांढरी बुरशीसारखी पूड का येते? डोके धुतल्यावर केस राठ कोणत्या पाण्याने होतात? ह्या प्रश्नांची उत्तरे मुलांच्या आयांना व आज्यांना चांगली ठाऊक असतात. डाळीचे कारणही समजण्याजोगे आहे : पाण्यातील कॅल्शियम डाळीच्या दाण्यातील पेशींना सांधणाऱ्या द्रव्याशी जखडून बसते व दाणा मऊ होऊ देत नाही.

जडपणा दोन प्रकारचा असतो. कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या बायकार्बोनेटांमुळे येणारा जडपणा पाणी उकळल्याने बराच कमी होतो, म्हणून त्यास अस्थायी म्हणतात. सल्फेट व क्लोराइड ह्यांच्याशी जोडलेला जडपणा उकळून जात नाही, तो स्थायी होय. बंबातील थर हा अस्थायी जडपणाचाच पुरावा आहे : उष्णतेने बायकार्बोनेटाचे विघटन होते, कार्बन डाय-ऑक्साइड वायू निघून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट भांड्याच्या अंगास चिकटते.

२. खानदेशच्या भूमीतील पाणी

पावसाचे पाणी आकाशातून पडते तेव्हा जवळजवळ सुफेन असते. मग विहिरीत ते जड कसे झाले?

धरणगाव तालुक्याच्या उत्तरेस तापी व पूर्वेस गिरणा वाहते. तापीच्या काठाकडे गाळाचे जाड थर आहेत. बाकीचा बहुतेक भाग काळ्या बसाल्ट खडकाचा आहे. हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून वर आलेल्या लाव्हारसाचा बनलेला असून त्याच्या खनिजांत कॅल्शियम व मॅग्नेशियम भरपूर आहे. त्याच्या झिजेतून झालेल्या कपाशीच्या काळ्या जमिनीत नांगरताना पांढरे खडे वर येतात, ती चुनखडी होय.

पावसाचे पाणी मातीत मुरत असताना मुळांनी व सूक्ष्म जीवांनी सोडलेला कार्बन डाय-ऑक्साइड वायू त्यात विरघळतो व पाणी किंचित आम्ल बनते. हे सौम्य आम्ल चुनखडी विरघळविते आणि खडकातील खनिजांतूनही कॅल्शियम व मॅग्नेशियम हळूहळू काढून घेते. पाणी जितके अधिक काळ खडकाच्या भेगांत राहील तितका त्याचा जडपणा सामान्यतः वाढतो. म्हणून श्रावणात भरलेल्या नाल्याचे पाणी हलके व वैशाखातील खोल कूपनलिकेचे पाणी जड असे बहुधा आढळते. परंतु शेजारशेजारच्या दोन विहिरींतही मोठा फरक असू शकतो. ‘धरणगावचे पाणी’ असे एकच पाणी नाही. प्रत्येक आडाचे, विहिरीचे व नळाचे पाणी वेगळे तपासावे लागते.

३. जडपणाचे मोजमाप

जडपणा एका लिटर पाण्यातील कॅल्शियम कार्बोनेटाच्या तुल्य मिलिग्रॅमांत सांगतात. साधारण वर्गवारी पुढीलप्रमाणे करतात :

० ते ६० मिलिग्रॅम — सुफेन
६१ ते १२० मिलिग्रॅम — मध्यम जड
१२१ ते १८० मिलिग्रॅम — जड
१८० च्या वर — फार जड

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक संस्थेने २०१२ च्या मानकात २०० मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा ठरविली आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत सूट दिली आहे. ह्यावरून जड पाणी म्हणजे घाण किंवा विषारी पाणी नव्हे, हे मुलांच्या ध्यानात आणून द्यावे. तसेच सुफेन पाणी म्हणजे शुद्ध पाणी असेही नाही.

मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या तपासणी-संचांवर जडपणा ‘अंशां’त दिलेला असतो. तो जर्मन अंश होय. एक अंश म्हणजे लिटरमागे सुमारे १७.८ मिलिग्रॅम. म्हणजे १० अंशांचे पाणी १७८ मिलिग्रॅम जडपणाचे झाले. संचावर ‘जी.एच.’ म्हणजे एकूण जडपणा व ‘के.एच.’ म्हणजे बायकार्बोनेटांचे प्रमाण. दुसरे माप आम्लता किती स्थिर राहील हे दर्शविते. त्याचा उपयोग पुढे येईल.

गावोगावी जलजीवन मिशनखाली पाणी तपासणीचे संच दिलेले आहेत व ते वापरण्याचे शिक्षण गावातील महिलांना देण्यात आले आहे. ह्या संचात जडपणाची तपासणी असते. शिक्षकांनी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाशी संपर्क साधून शाळेच्या पाण्याचा आकडा एकदा मिळवावा. तो मिळाला म्हणजे पुढील प्रयोगास आधार होतो.

४. प्रयोग : साबणाच्या थेंबांनी जडपणा ओळखणे

साहित्य : एकाच आकाराच्या झाकणाच्या चार काचेच्या बाटल्या, औषधाचा थेंबनळा, तेलापासून बनविलेल्या साध्या साबणाचा कीस, आणि बॅटरीत घालण्यासाठी मिळते ते ऊर्ध्वपातित पाणी. धुण्याची पूड घेऊ नये. ती जड पाण्यातही फेस करते व प्रयोग फसतो.

कृती : पाच ग्रॅम साबणाचा कीस अर्धा लिटर कोमट ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवावा. पहिल्या बाटलीत ५० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी, दुसरीत तेवढेच पावसाचे किंवा उकळून निवळलेले पाणी, तिसरीत नळाचे व चौथीत विहिरीचे पाणी घ्यावे. प्रत्येक बाटलीत साबणाचे थेंब दोन-दोन करून सोडावेत, झाकण लावून जोराने हालवावे व बाटली आडवी ठेवावी. फेस दोन मिनिटे न मोडता टिकला म्हणजे थांबावे व थेंबांची संख्या लिहावी.

हिशेब : समजा, ऊर्ध्वपातित पाण्यास २ थेंब लागले व विहिरीच्या पाण्यास ४२. फेसासाठीच खर्ची पडणारे २ थेंब वजा केले तर जडपणाने ४० थेंब खाल्ले. तपासणी-संचाने ह्याच विहिरीचा आकडा ४०० सांगितला असेल, तर एक थेंब म्हणजे १० मिलिग्रॅम. हेच माप धरून इतर पाण्यांचा अंदाज काढता येतो. थेंब फारच लागू लागले तर नमुन्यात तितकेच ऊर्ध्वपातित पाणी मिसळून त्यातील ५० मिलिलिटर घ्यावे व उत्तर दुप्पट करावे. ही पद्धत ढोबळ आहे. पण पाणी मागील महिन्यापेक्षा जड झाले की नाही, एवढे ती निश्चित सांगते.

साबणाने जडपणा मोजण्याची ही रीत स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक टॉमस क्लार्क ह्यांनी एकोणिसाव्या शतकात रूढ केली.

५. माशाला जडपणाचे काय?

मनुका पाण्यात टाकल्या म्हणजे फुगतात. त्यांच्या आत द्रव्ये दाट व बाहेर विरळ असल्याने पाणी सालीतून आत शिरते. गोड्या पाण्यातील माशाची स्थिती अशीच असते. त्याच्या रक्तातील क्षार बाहेरच्या पाण्यापेक्षा अधिक असल्याने कल्ल्यांच्या नाजूक पडद्यातून पाणी सतत आत येते व क्षार बाहेर पाझरतात. मासा आत आलेले पाणी पातळ मूत्राच्या रूपाने बाहेर टाकतो आणि कल्ल्यांनी क्षार पुन्हा ओढून घेतो. हे काम रात्रंदिवस चालू असते. पाण्यातील कॅल्शियम ह्या पडद्यास घट्ट ठेवते. म्हणजे कल्ल्यांतून होणारी गळती आवरण्यास ते साहाय्य करते.

प्रत्येक जातीचा मासा विशिष्ट पाण्यास सरावलेला असतो. अमेझॉन नदीच्या खोऱ्यातील निऑन टेट्रा व डिस्कस हे मूळचे अत्यंत सुफेन पाण्यातील मासे. फार जड पाण्यात ते काही काळ जगतात, पण त्यांची अंडी नीट उबत नाहीत व प्रकृती खालावते. ह्याच्या उलट गप्पी, मॉली, प्लॅटी व स्वोर्डटेल हे पिलांना जन्म देणारे मासे जड पाण्यात उत्तम राहतात. मॉलीस तर सुफेन पाणीच सोसत नाही. आपल्या देशातील झेब्रा मासाही मध्यम जडपणात सहज वाढतो.

ह्यांपैकी गप्पीची ओळख मुलांना आधीच असते. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खात्याकडून हौदांत व डबक्यांत सोडले जातात ते हेच मासे. त्रिनिदाद बेटावरील रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी ह्यांनी १८६६ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे ह्या माशांचे नमुने पाठविले. त्यांचेच नाव माशास मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी तो भारतात आला व आपल्याकडच्या जड पाण्यात चांगलाच रुजला.

तेव्हा पहिला नियम असा : आधी पाणी तपासावे आणि मग त्या पाण्यास मानवेल असा मासा निवडावा. मासा आधी आणून त्याच्यासाठी पाणी बदलत बसणे हे खर्चाचे व जोखमीचे काम आहे.

दुसरा नियम तितकाच महत्त्वाचा. मासा जड पाण्याने सहसा एका दिवसात मरत नाही. तो पाणी एकाएकी बदलल्याने मरतो. दुकानातील पाणी १०० मिलिग्रॅमचे व घरचे ४०० चे असेल, तर पिशवी फोडून मासा एकदम टाकीत सोडणे म्हणजे त्याच्या कल्ल्यांवर आघात करणे होय. पिशवी प्रथम टाकीत तरंगत ठेवून उष्णता सारखी होऊ द्यावी, मग दर दहा मिनिटांनी वाटीभर टाकीतील पाणी पिशवीत घालावे. तासाभराने मासा जाळीने अलगद टाकीत सोडावा. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये.

६. उन्हाळ्याचे गणित

मे महिन्यात जळगाव जिल्ह्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. उघड्या टाकीतील पाणी रोज आटते व घरचे लोक तेवढे पाणी रोज वरून भरतात. टाकी भरलेली दिसते, म्हणून पाणी पूर्वीसारखेच आहे असा समज होतो. तो समज सातवीच्या गणिताने खोडून काढता येतो.

टाकी ६० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद आहे. पाण्याची उंची २५ सेंटिमीटर आहे.

पाण्याचे घनफळ = ६० × ३० × २५ = ४५,००० घन सेंटिमीटर = ४५ लिटर.

विहिरीच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे ३०० मिलिग्रॅम आहे.

टाकीतील एकूण क्षार = ४५ × ३०० = १३,५०० मिलिग्रॅम.

रोज १ लिटर पाणी आटते. आटते ते केवळ पाणी. क्षार टाकीतच राहतात. भरपाईच्या १ लिटर विहिरीच्या पाण्याबरोबर रोज ३०० मिलिग्रॅम क्षार नव्याने येतात.

३० दिवसांत वाढलेले क्षार = ३० × ३०० = ९,००० मिलिग्रॅम.

महिन्याअखेरचा जडपणा = २२,५०० ÷ ४५ = ५०० मिलिग्रॅम.

एक थेंबही ‘वाईट’ पाणी घातलेले नसताना जडपणा ३०० चा ५०० झाला. प्रत्यक्षात ह्यांतील काही क्षार काचेवर साका होऊन बसतात, म्हणून आकडा थोडा कमी भरेल. काचेवर पाण्याच्या रेषेशी दिसणारी पांढरी कड तीच. हायड्रिलासारख्या पाणवनस्पती दिवसा बायकार्बोनेटांतून कार्बन डाय-ऑक्साइड घेतात. त्यांच्या पानांवरही चुन्याचा खरखरीत लेप बसतो.

आता दुसरी रीत पाहू. भरपाई विहिरीच्याच पाण्याने केली, पण दर आठवड्यास १० लिटर जुने पाणी काढून १० लिटर नवे घातले, तर चार आठवड्यांनी हिशेब सुमारे ४०० वर येतो. वाढ मंदावली, थांबली नाही. तिसरी रीत अशी की, आटलेल्या पाण्याची भरपाई पावसाच्या साठविलेल्या किंवा तत्सम क्षारविरहित पाण्याने करावी. मग महिन्याअखेरही आकडा ३०० च राहतो. ह्यावरून सूत्र निघते : आटलेल्याची भरपाई हलक्या पाण्याने करावी; बदलावयाचे पाणी नेहमीचे घालावे.

आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आटणेच कमी करणे. टाकीवर काचेचे झाकण थोडी फट ठेवून बसवावे व टाकी खिडकीच्या उन्हातून हलवावी. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, तेथे ही बचत माशांइतकीच माणसांच्याही उपयोगाची आहे. टाकीतून काढलेले पाणी गटारात न घालविता शाळेच्या बागेत घालावे. त्यातील माशांची विष्ठा झाडांना खत होते.

७. जडपणा कमी करण्याचे उपाय व त्यांची पारख

(अ) मिश्रण. हा उत्तम उपाय होय. विहिरीचे पाणी ४०० मिलिग्रॅमचे आहे व टाकीसाठी २४० चे हवे आहे. पावसाच्या पाण्याचा जडपणा हिशेबापुरता शून्य धरला, तर २४० ÷ ४०० = ३/५. म्हणजे ४५ लिटरांत २७ लिटर विहिरीचे व १८ लिटर पावसाचे पाणी घ्यावे. पाऊस साठविताना पहिल्या एकदोन सरी सोडून द्याव्यात. पत्र्याच्या छपरावरचे पाणी घेऊ नये, कारण पत्र्यावरील जस्त माशांस घातक ठरते. साठवणीचे पिंप कापडाने बांधून घट्ट झाकावे, नाही तर त्यात डेंग्यूच्या डासांची पैदास होते.

(आ) उकळणे. पाणी पंधरा मिनिटे उकळून, रात्रभर निवळू देऊन वरचे अलगद काढून घ्यावे. अस्थायी जडपणा बराच कमी होतो. उकळलेल्या पाण्यात प्राणवायू उरत नाही, म्हणून ते एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून दहा-वीस वेळा ओतावे. हे पाणी तांब्याच्या बंबात किंवा पातेल्यात उकळू नये. तांबे माणसास अल्प प्रमाणात बाधत नसले तरी माशांच्या कल्ल्यांना ते विषासारखे असते, आणि हलक्या पाण्यात त्याचा विषार अधिक चढतो. स्टीलचे भांडे वापरावे.

(इ) आर.ओ. यंत्राचे पाणी. अनेक घरांत व गावांत आता ही यंत्रे आहेत. त्यातून येणारे पाणी जवळजवळ क्षारविरहित असते, म्हणून मिश्रणास किंवा भरपाईस ते चालते. केवळ तेच पाणी टाकीत भरू नये. बायकार्बोनेटे नसली म्हणजे पाण्याची आम्लता सांभाळणारे काही उरत नाही. वर सांगितलेले के.एच. शून्याजवळ जाते आणि पाणी हळूहळू आंबते. यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मूळ पाण्यापेक्षाही जड असते. ते फरशी पुसण्यास वापरावे, टाकीत कधीही घालू नये.

(ई) चुन्याची निवळी. १८४१ साली क्लार्क ह्यांनी शहरांच्या पाण्यासाठी चुन्याने अस्थायी जडपणा काढण्याची कृती शोधली. चुन्याने चुना काढावयाचा, ही गोष्ट मुलांना चमत्कारिक वाटेल : विरघळलेल्या बायकार्बोनेटास निवळी मिळाली की दोन्हींचे न विरघळणारे कार्बोनेट होऊन तळाशी बसते. पण प्रमाण किंचित चुकले तरी पाणी तीव्र अल्कधर्मी होऊन मासे मरतात. ही कृती बाटलीत दाखवावी, टाकीत नव्हे.

(उ) क्षार बदलणारी द्रव्ये. जळगाव जिल्ह्यातील दगडखाणींतून झिओलाइट नावाची स्फटिकी खनिजे निघतात; जगभरच्या संग्रहालयांत येथील नमुने आहेत. ह्या वर्गातील द्रव्ये पाण्यातील कॅल्शियम धरून ठेवतात व त्याच्या बदली सोडियम सोडतात. घरगुती यंत्रांतील राळेचे दाणे हेच काम करतात. साबणास असे पाणी चांगले. परंतु त्यातील क्षार गेलेले नसतात, केवळ बदललेले असतात, म्हणून माशांस त्याचा विशेष लाभ नाही. खाणीतील खडे शोभेसाठी टाकीत टाकू नयेत, कारण त्यांच्यासोबत कॅल्साइटही असते व ते जडपणा वाढविते.

(ऊ) तुरटी व मीठ. तुरटीने गढूळपणा बसतो, जडपणा जात नाही. ती पाण्यातील बायकार्बोनेटे खाऊन टाकते. म्हणजे अस्थायी जडपणाचा स्थायी करून ठेवते व पाण्याची आम्लता सांभाळण्याची शक्ती घटविते. मिठाने जडपणा कमी होतो हा समजही निराधार आहे.

उपाय कोणताही असो, एका वेळी टाकीतील एकपंचमांशापेक्षा अधिक पाणी बदलू नये. ५०० चा आकडा एका दिवसात २०० वर आणणे हे तो वाढू देण्यापेक्षाही घातक होय. नळाचे पाणी घ्यावयाचे असल्यास क्लोरीन उडून जाण्यासाठी ते उघड्या बादलीत एक दिवस ठेवावे.

८. टाकीतील वाळू व दगड

सर्व काळजी घेऊनही जडपणा वाढत असेल तर टाकीच्या तळाकडे पाहावे. गिरणेची वाळू चांगली. पण तीत चुनखडीचे खडे व शिंपल्यांचे तुकडे असू शकतात. संगमरवराची खडी व समुद्राचे शंख-शिंपले ही तर शुद्ध चुन्याचीच रूपे. परीक्षा सोपी आहे. वाळू धुऊन वाळवावी, चिमूटभर बशीत घेऊन तीवर लिंबाचा रस पिळावा. बुडबुडे आले तर तीत चुना आहे. काळ्या बसाल्टच्या गुळगुळीत गोट्यांवर बुडबुडे येत नाहीत. ते निर्धास्त वापरावेत.

शिक्षकांसाठी सूचना

१. टाकीची नोंदवही ठेवावी. तारीख, भरपाईचे पाणी किती व कोठले, साबणाचे थेंब, माशांची हालचाल व मेलेले मासे, असे रकाने असावेत. नोंद मुलांनीच करावी. उन्हाळ्याच्या सुट्टीत टाकी कोणाच्या घरी राहील हे आधी ठरवावे, कारण संकटाचा काळ नेमका तोच असतो.

२. मासा मेला तर कोणासही दोष देऊ नये. नोंदवही उघडून मागील महिन्याचे आकडे वर्गापुढे ठेवावेत आणि कारण मुलांना शोधू द्यावे. कारण सापडले नाही, तर ‘सापडले नाही’ असेच लिहावे. ज्या मुलावर घरी ठपका आला असेल त्याच्या हातीच पुढील नोंदी सोपवाव्यात.

३. नको झालेले मासे तापी-गिरणेत किंवा नाल्यात सोडू नयेत. परके मासे तेथील मूळच्या माशांची पिले खातात व त्यांचे अन्न हिरावतात. गप्पी कोठे सोडावेत हे आरोग्य सेवकास विचारूनच ठरवावे.

४. धरणगाव हे बालकवी ठोमरे ह्यांचे जन्मगाव (१८९०). त्यांच्या निसर्गकवितेच्या तासास जोडून वाहत्या व साठलेल्या पाण्याची निरीक्षणे मुलांकडून गद्यात लिहवून घेता येतील.

स्वाध्याय

१. तुमच्या घरी पाणी कोठून येते? त्यात डाळ किती वेळात शिजते, हे आईस विचारून लिहा.

२. टाकी ५० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद असून पाण्याची उंची २० सेंटिमीटर आहे. पाण्याचा जडपणा २५० मिलिग्रॅम आहे. रोज पाऊण लिटर पाणी आटते व तेच पाणी भरले जाते. ४० दिवसांनी जडपणा किती होईल?

३. ३६० मिलिग्रॅम जडपणाच्या पाण्यापासून १८० चे ३० लिटर पाणी करावयाचे आहे. पावसाचे पाणी किती लिटर घ्यावे?

४. बंबातील पांढऱ्या थराचा लहान तुकडा लिंबाच्या रसात टाका. काय दिसते? तो थर कशाचा असावा?

५. गावातील तीन वेगवेगळ्या ठिकाणांचे पाणी साबणाच्या थेंबांनी तपासा. सर्वांत जड पाणी कोणते? त्या पाण्यात कोणता मासा पाळाल व कोणता पाळणार नाही? कारणे द्या.